मेव्हन्याला लढाई लागू न्हाई

बोलू दे त्या पुढाऱ्याला! म्हनं काठीबिगर गावाची इज्जत ऱ्हात न्हाई. इज्जत म्हनं! स्वतः माईक धरून हुबा, आन् डोस्की फुटायची दुसऱ्याच्या पोरांची. त्याच्या नादाला लागायच्या आदी हितं बस आन् ह्ये ऐक.

अल्याडवाडी म्हनून एक गाव. तितं एक भोळा गडी हुता, बिरू. सांगंल ते करायचा. जेवडं सांगंल तेवडंच करायचा.

शेजारी पल्याडवाडी. मधी गायरान. त्याच्यावरनं दोन गावांचं फाटलं. अल्याडवाडीचं सरपंच आबा. त्येंनी फर्मान काडलं, शीव बंद. बिरूची भैन सुंद्रा पल्याडवाडीत दिलेली. तिचं दिस भरत आलेलं. पैलं बाळंतपन म्हायेरात व्हायला पायजे. आई रोज इचारायची, "बिरू, सुंद्रीला कवा आनतूस?"

"शीव बंद हाय, आई."

आन् शिवंवर राखनीला कोन? बिरूच! आबांनी सांगितलं हुतं, "पलीकडनं येईल त्याला आत घ्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिशी पाटंचं आबा टमरेल घिऊन सवयीनं वड्याकडं गेलं. वडा शिवंपलीकडं. परत आलं तर बिरू आडवा.

"आरं, मी आबा!"

"पलीकडनं आलासा न्हवं?"

दुपारपतुर आबा रिकामं टमरेल धरून उनात. शेवटी बायकोनं येऊन बिरूला बाजूला वडला, तवा आत आलं. म्हनलं, "येड्या! डोस्क्यावर पांडरी टोपी दिसली की रामराम घालायचा आन् वाट सोडायची."

"बरं."

सांजच्याला पल्याडवाडीची गडीमानसं आली, शेरडं घिऊन. सगळ्यांच्या डोस्क्यावर पांडऱ्या टोप्या. बिरूनं एकेकाला रामराम घातला. शेरडांनी आबांच्या मळ्यातला घास बुडापतुर खाल्ला.

"शेरडांस्नी तरी आडवायचंस!" आबा बोंबललं.

"ती टोपीवाल्यांसंगं हुती, आबा."

"टोपी बगू नगं! इचारायचं, कुनाचा मानूस? आपला आसंल तर सोड. त्यांचा आसंल तर माल उतरून घे आन् हाकलून दे."

"बरं."

मग आला आबांचा मेव्हना रंजितराव, काठ्यांनी भरल्याला टेंपू घिऊन.

"कुनाचा मानूस?" बिरूनं इचारलं.

मेव्हना हासला. "मी दोनीकडचा, बाबा. अर्द्या काठ्या हितं, अर्द्या तितं. धंदा हाय."

बिरूनं इचार केला. अर्दा आपला, अर्दा त्यांचा. अर्दा सोडायचा, अर्दा हाकलायचा. त्यानं अर्द्या काठ्या उतरून घेतल्या. मेव्हन्याला शिवंच्या दगडावर हुबा केला, उजवा पाय अलीकडं, डावा पलीकडं. म्हनला, "हलू नका. न्हाईतर जास्ती आत याल."

गाव गोळा झालं. एक म्हातारा म्हनला, "आबा, त्यांस्नीबी काठ्या तुमचाच मेव्हना देतूय व्हय?"

आबांचं त्वांड उतरलं. लोकांसमोर बिरूवर वराडलं, "आरं, ज्याची भैन गावात दिलीया त्यो मेव्हना! मेव्हन्याला शीव न्हाई. मेव्हन्याला लढाई लागू न्हाई!"

"सगळ्या मेव्हन्यांस्नी, आबा?"

"सगळ्या! सोड त्याला!"

"बरं."

लढाईचा दिस ठरला. त्या दिशी अलीकडनं अल्याडवाडी आली, पलीकडनं पल्याडवाडी. काठ्या त्याच, एकाच टेंपूतल्या. म्होरं आबा, आन् तिकडनं त्यांचं सरपंच तात्या. मधी दगडावर बिरू.

बिरूनं पल्याडच्या पैल्या गड्याला आडवला. "तुमची भैन कुटं दिली?"

"तुमच्याच गावात की."

"मग तुमी मेव्हनं. काठी ठिवा आन् जावा, भैन वाट बगत आसंल."

गडी दोन्ही गावांकडं बगाय लागला. गालात हासला. काठी ठिवली आन् गेला. मागनं दुसरा. मागनं तिसरा. इकडच्यांस्नी तेच इचारलं. पिड्यान्पिड्या ह्या गावाच्या पोरी त्या गावात आन् त्या गावाच्या ह्या गावात. कोन उरनार? चुलत भैन, मावसभैन, कुनाची ना कुनाची हुतीच. दुपारच्याला सगळी अल्याडवाडी पल्याडवाडीत भाकरी मोडाय बसली, आन् सगळी पल्याडवाडी अल्याडवाडीत.

शिवंवर ऱ्हायलं आबा आन् तात्या.

"आबा, तुमची भैन?"

"न्हाई मला भैन. एकटाच मी."

"तात्या, तुमची?"

"मलाबी न्हाई."

"चुलत? मावस?"

दोघांनी न्हाई म्हनून मान हालवली.

बिरूला लई वाईट वाटलं. त्यानं ढिगातनं दोन चांगल्या जाड काठ्या निवडल्या, दोघांच्या हातात एकेक दिली. म्हनला, "मग लढाई तुमालाच लागू हाय. करा सुरू. मला भैन हाय, मी जातू."

आबांचीच बैलगाडी जुपली आन् गेला.

सुंद्राला घिऊन परत आला तवा दिस कलंडला हुता. आबा आन् तात्या तितंच. पैला रट्टा कुनी घालायचा ह्यावर वाद चालल्याला. दोघंबी म्हनत हुतं, "आदी तुमी."

"दादा, ही मानसं घरी का जाईनात?" सुंद्रानं इचारलं.

"त्यांस्नी भैन न्हाई गं," बिरू म्हनला आन् बैल हाकलं.

हासू नगंस. काठी ठिव ती खाली. ठिव म्हन्लो न्हवं!