झिजलेलं नाक

फार पूर्वी रोममधल्या एका पाववाल्याच्या थैलीत नियम होता: चांदीची नाणी वर बसतील आणि काशाची तळाशी, ओलीत. का, ते विचारायचं नाही. तळाशी काशाच्या नाण्यांना हिरवा गंज चढे.

टाकसाळीतून नुकतीच आलेली कांशी, एक काशाचं नाणं, मात्र वरच थांबली.

"खाली हो, पोरी. आम्ही अस्सल चांदी," चांदीच्या नाण्यांतले आजोबा म्हणाले.

कांशीने निरखून पाहिलं. आजोबांवर कोरलेल्या सम्राटाचं नाक झिजलं होतं आणि मुलाम्याखालून तांबूस कासं दिसत होतं.

"आजोबा, आधी नाक सांभाळा. आतून तुम्ही माझ्यासारखेच आहात. मी खाली जाणार नाही, आणि खालच्या सगळ्यांना वर बोलावते आहे."

म्हाताऱ्या नाण्यांनी एकमेकांची नाकं पाहिली. सगळ्यांचीच झिजून तांबूस झाली होती.