चिंचबाव तालमीचा नवा संघ

“...पण ओंकारला सोडायचं ठरवलं कुणी? तेवढंच मला सांगा, वस्ताद.”

कुस्तीच्या हौद्यातील लाल मातीत वस्तादांनी खोरे रोवले, एक ढेकूळ वर काढले आणि ते बोटांनी फोडले.

“बसा, अप्पा. घाम पुसा आधी.”

अप्पा बसले नाहीत. हातातील कापडी पिशवी त्यांनी उंबऱ्याच्या आत, भिंतीशी जपून ठेवली.

पंडितराव इंगवले हे टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सारी पेठ त्यांना अप्पा म्हणत असे. कोल्हापुरातील चिंचबाव तालमीच्या फुटबॉल संघाचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नव्हता. पत्नीच्या निधनानंतर तर हंगामात सामन्याखेरीज घराबाहेर पडण्यास त्यांना कारणच उरले नव्हते.

दस्तगीर वस्ताद त्याच तालमीचे. कुस्ती आता तेथे नावापुरती राहिली होती. पेठेचा सारा जीव चेंडूत जाऊन बसला होता. तरीही हंगाम तोंडावर आला, की वस्ताद हौद्यातील माती उकरीत, तीत ताक, हळद, तेल आणि लिंबू घालीत, आणि ती सारखी करून ठेवीत.

त्या मातीत उतरणारे कोणी नव्हते.

“कमिटीनं गेल्या आठवड्यात संघ जाहीर केला,” अप्पा म्हणाले. “तुम्ही ऐकलात ना?”

“ऐकला.”

“आणि गप्प बसलात?”

“मला कोण इचारतंय? मी मातीवाला.”

“मी विचारतोय.”

वस्तादांनी खोरे बाजूला ठेवले. लिंबांची बुट्टी पुढे ओढून त्यांनी ती अप्पांच्या पायांशी सरकवली, आणि तळहाताने थोडी माती सपाट केली.

“मांडा.”

“काय मांडू?”

“संघ. कुठं काय चुकलंय ते दावा.”

अप्पांनी चपला काढल्या, धोतराचा सोगा सावरला आणि ते हौद्याच्या कडेला बसले. एक लिंबू उचलून त्यांनी अगदी मागे ठेवले.

“हा गोलात शिवतेज. खाली पडला, की उठायला त्याला कुणीतरी हात द्यावा लागतो. तरी ठेवला. का? अध्यक्षांचा भाचा.”

“मग कुणाला घ्यावा?”

“तो सांगलीचा उंच मुलगा आला होता चाचणीला. त्याला परत पाठवला.”

“घाबरट हुता त्यो.”

“असू दे. घाबरणारा निदान जागा तरी असतो.”

वस्ताद हसले. “हे बेस बोललात.”

अप्पा हसले नाहीत. त्यांनी चार लिंबे एका ओळीत मांडली, मागे सरून पाहिली, आणि त्यांतील डावीकडचे बोटभर पुढे घेतले.

“डाव्या बाजूला उजव्या पायाचा माणूस उभा केलाय. चेंडू मारायचा तर त्याला आधी स्वतःभोवती फिरावं लागतं. तो बचाव करतोय, की प्रदक्षिणा घालतोय?”

“आणि म्होरं?”

“पुढं दोघे परदेशी. दणकट आहेत, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवणार कोण? मधली फळी बघा. सगळी नवी पोरं. एकमेकांची नावं माहीत नाहीत. ‘ए, ए’ म्हणून हाका मारतील.”

लिंबे मांडून होत आली. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर अप्पांचा हात थांबला. हातातील लिंबू त्यांनी खाली ठेवले... पुन्हा उचलले... आणि मुठीतच धरून ठेवले.

“इथं ओंकार होता.”

वस्तादांनी आत वळून पाहिले.

तालमीच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे पुष्कळ वर्षे एक वळकटी असे, तेथे आता उघडी भिंत होती. ओंकार लहानपणीच खेड्यातून शिकायला आला, तो याच तालमीत झोपला, वस्तादांच्याच चुलीवर जेवला. वस्तादांनी त्याला आधी बैठका शिकवल्या. चेंडू तो आपण होऊन शिकला.

“त्याला कमिटीनं सोडला, का त्यानं सोडलं?” वस्तादांनी विचारले.

“कमिटीनं सोडला! गुडघा दुखावला म्हणे. एका गुडघ्यापायी असा डावा पाय घालवला.”

“हं.”

“आणि त्यानंही सोडलं.”

“ते कसं?”

“कमिटीनं नाही म्हटल्यावर त्यानं घरी बसायचं होतं. वर्षभर थांबायचं होतं. दुसरीकडं कुठंही जायचं होतं. कमानवेशीत जायला नको होतं.”

“घरी बसून काय करायचं हुतं त्यानं?”

अप्पा मुठीतले लिंबू फिरवू लागले.

“आपल्यावानी बसायचं?”

...

चिंचबाव आणि कमानवेस या फुटबॉलमध्ये हाडवैर असलेल्या दोन पेठांमध्ये केवळ एक रस्ता आहे. तथापि हंगामात या पेठेचा माणूस त्या पेठेत चहासुद्धा घेत नाही. इतर लोक हा नियम सामन्याच्या दिवसापुरता पाळीत. अप्पा तो पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत पाळीत.

मातीत मांडलेल्या संघाकडे वस्तादांनी पाहिले.

“संघ कळला. आता तुमी कुठं बसता?”

“मी?”

“तेबी मांडा की.”

“मी गॅलरीत असतो, वस्ताद. मी काय संघात आहे?”

“मांडा.”

अप्पांच्या मुठीत लिंबू होतेच. त्यांनी हात लांब करून ते सपाट केलेल्या तुकड्याच्या पार दुसऱ्या कडेला, ओल्या मातीवर ठेवले.

“बाजूला कोन?”

“पूर्वी शंकर मंडलिक बसायचा.”

“आता?”

“आता मी त्याच्याशी बोलत नाही.”

“का वं?”

“कमानवेशीच्या गोलाला त्यानं टाळी वाजवली. म्हणाला, गोल चांगला होता.”

“हुता का?”

अप्पांनी क्षणभर विचार केला. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते.

“होता.”

“हं... दुसऱ्या बाजूला?”

“कोणी नाही. ही कधी मैदानावर आली नाही. सामना असला, की घरी देव पाण्यात घालून बसायची. मी परत आलो, की माझ्या चेहऱ्याकडं बघायची, आणि मग देव बाहेर काढायचे का नाही ते ठरवायची.”

“आता देव?”

“कोरडेच असतात.”

वस्तादांनी कमरेची सुरी काढली. मांडलेल्या संघातील एकेक लिंबू उचलून ते चिरू लागले आणि रस मातीत पिळू लागले. प्रथम गोलरक्षक गेला. मग डाव्या बाजूचा.

“अहो! अहो, वस्ताद, संघ...”

“लिंबं मातीसाठनं आनली हुती, अप्पा.”

दोघे परदेशीही गेले. पलीकडच्या कडेचे एक लिंबू तेवढे राहिले. वस्तादांनी त्याला हात लावला नाही. अप्पा त्याच्याकडे पाहत राहिले.

“पिशवीत काय हाय?” वस्तादांनी विचारले.

“काही नाही.”

“काई न्हाई, आनि एवढी जपून ठेवलासा?”

“झबली आहेत. टोपडी. एक दुपटं.” अप्पांचा आवाज खाली आला. “दुकानदार म्हणाला, पिवळं घ्या. मी म्हटलं, केशरी दाखवा. आपल्या संघाचा रंग म्हणून केशरीच घेतलं.”

“कुनाच्या बाळाला?”

“सुलक्षणाच्या मुलीला. आज बारसं आहे.”

सुलक्षणा ही अप्पांची एकुलती एक कन्या. तिचे सासर कमानवेशीत होते. स्थळ आले, तेव्हा मुलाचे शिक्षण, नोकरी, स्वभाव, सारे अप्पांना पाहताक्षणी पसंत पडले होते. पेठेविषयी मात्र त्यांनी आठवडाभर विचार केला होता. लग्नानंतर हंगाम चालू असेतो ते लेकीच्या घरी जात नसत. हंगाम संपल्यावर जात, आणि तेव्हा दर गुरुवारी जात.

“बारसं कवा हाय?”

“आता. बायका जमल्या असतील. पाळणा सजवला असेल.”

“मग तुमी हितं कसं?”

“निघालो होतो. रस्ता ओलांडला. तिच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी फलक लावलाय... ओंकारचा. माणसाहून मोठा. त्यांच्या निळ्या जर्सीत. हसतोय, वस्ताद. त्यांच्या जर्सीत हसतोय.”

“मग?”

“त्याच्याखालून जावं लागलं असतं.”

“मग?”

“परत फिरलो.”

हौद्यात ताकाचा आणि लिंबाचा आंबूस वास भरून राहिला होता. बाहेरून कोणीतरी सायकल हातात धरून चालत गेले. तिच्या चाकाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

“बाळ बघितलं का?”

“बघितलं. दवाखान्यात. दवाखाना कोणत्याच पेठेत नाही.”

हे त्यांनी विनोदाने म्हटले नव्हते.

“कुनावानी हाय?”

अप्पांनी भिंतीशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिले. मग ते म्हणाले,

“हिच्यासारखं कपाळ आहे.”

...

“सुलक्षणानं सकाळी फोन केला होता. म्हणाली, ‘अप्पा, तुम्ही आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय.’ तिथं सासूबाई, नणंदा, शेजारणी. माहेरचं म्हणून एक मीच.”

“हं.”

“म्हणून तुमच्याकडं आलो, वस्ताद. तुम्ही शब्द टाका. तुमचा शब्द कमिटी मोडणार नाही. खेळाडूंच्या नोंदणीला अजून अवकाश आहे. ओंकार परत आला, की तो फलक उतरेल. फलक उतरला, की मग मी...”

“बारसं आज हाय, अप्पा.”

अप्पांनी मान खाली घातली.

मग त्यांनी विचारले, “जाताना ओंकार तुम्हांला भेटला?”

“भेटला. पाया पडला. रडत हुतं पोरगं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“जेवून जा म्हटलं.”

“आणि?”

“थांबला न्हाई. कमानवेशीतली मंडळी भाईर गाडी घेऊन उभी हुती. त्यास्नी ताटकळत ठेवायचं त्याला बरं वाटलं न्हाई. वळकटी उचलली आनि गेला.” वस्तादांनी सुरी पुसली. “भाकरी तशीच ऱ्हायली. म्या एकट्यानं किती खायची?”

“तुम्हांला राग नाही आला?”

“आला की.”

“मग?”

“मग काय? सांजच्याला दुसरी भाकरी करायला घेतली, तर पीठ दोघांचं मळलं गेलं.”

अप्पांनी वस्तादांकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी वस्तादांना अनेकदा पाहिले होते. ते म्हातारे झालेले मात्र त्यांच्या ध्यानात प्रथमच आले.

वस्ताद उठले. दारातल्या रांजणातून तांब्याभर पाणी घेऊन त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंतची माती काढली आणि चूळ भरली. खुंटीवरचा धुतलेला सदरा अंगात घातला. पटका झटकून डोक्याला गुंडाळला. शिंक्यावरचे फडक्यात बांधलेले गाठोडे काढून काखेत घेतले. फडक्यातून ताज्या भाकरीची ऊब बाहेर येत होती.

“कुठं निघालात?”

“कमानवेशीत.”

अप्पा ताडकन उठले.

“तुम्ही? चिंचबावचे वस्ताद? हंगाम आठवड्यावर आलाय. लोक काय म्हणतील?”

“म्हनतील की काईतरी. तोंडं हाईत त्यांस्नी.”

“त्यांच्या तालमीच्या दारात उभे राहणार? ती पोरं शिट्ट्या मारतील. गुलाल टाकतील अंगावर.”

“सदरा धुता येतो.”

“आणि तो फलक? त्या फलकाखालून जाणार तुम्ही?”

“दुसरी वाट हाय व्हय तिकडं?”

“पण कशासाठी, वस्ताद? आपल्याला टाकून गेलेल्या माणसाकडं आपण होऊन जायचं... ते कशासाठी?”

वस्तादांनी उंबऱ्याबाहेर चपला पायांत सरकवल्या. दुपारच्या उन्हात रस्ता रिकामा होता. ते एक पायरी उतरले, थांबले आणि मागे वळले.

“माजं पोर तिकडं ऱ्हायला गेलंय, अप्पा. हितं बसून मी कुनाची वाट बघू?”