‘या हं’ म्हणणारी पाणकोंबडी

अटलांटिक नावाच्या अफाट समुद्रात एक इवलंसं बेट होतं आणि त्या बेटावर एक पाणकोंबडी राहत असे. बेट इतकं लहान की सकाळी चालायला लागलं तर दुपारच्या आत फेरी पुरी व्हावी. तीन बाजूंना काळे उभे कडे, चौथ्या बाजूला जेमतेम एक होडी लागेल एवढी पुळण, मधे डोंगर आणि डोंगरातून झिरपणारा गोड्या पाण्याचा एकच झरा. माणसांची वस्ती नव्हती. मांजर नव्हतं, सापही नव्हता. त्यामुळे ही पाणकोंबडी उडायचंच विसरून गेली होती. पक्षी असून उडत नाही, म्हणून हसू नका मुलांनो. पळून जावं असं कुणी जवळपास नसेल, तर पंखांचं करायचं काय? तिचं घरटं जमिनीवर, गवतात होतं आणि त्यात त्या वर्षीचं एकुलतं एक अंडं होतं.

बेटाची एक रीत होती. समुद्रपक्षी दूर जायला निघाले की ‘जातो’ म्हणत नसत. आपल्यासारखंच ‘येतो’ म्हणत. मागे राहणाऱ्यांनी ‘या हं’ म्हणायचं. पुढच्या वर्षी ते खरोखरच परत येत. त्यामुळे ‘जा’ हा शब्द त्या बेटावर कुणी कुणाला कधी म्हटलाच नव्हता.

एकदा दूरच्या खडकावर एक गलबत फुटलं. माणसं होड्यांतून निघून गेली आणि एका फळीवर बसून एक उंदीर पुळणीला लागला. भिजून पार लगदा झाला होता बिचारा. पाणकोंबडीला दया आली. तिने त्याला घरट्याशेजारचं मऊ गवत दिलं. “ताई, अंग वाळलं की निघतो,” उंदीर म्हणाला. अंग तासाभरात वाळलं. उंदीर काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी कड्यावरच्या शेजारणीची दोन अंडी नाहीशी झाली. तेव्हापासून पाणकोंबडीला उंदराची धास्ती वाटू लागली. गवत हललं की ती दचके. झऱ्यावर जायची सोय उरली नाही. घशाला कोरड पडली तरी ती अंड्यावरून उठेना.

डोंगरावरचा म्हातारा बोकड तिला भेटायला आला. “पोरी, माझ्या पणजोबाला गलबतवाल्यांनी इथे सोडलं,” तो म्हणाला. “परतताना खायला मांस हवं म्हणून. जाताना ‘येतो’ म्हणाले, ते आलेच नाहीत. आम्ही मात्र राहिलो. पश्चिमेचा तो बोडका उतार दिसतो ना? तिथे झाडी होती. आम्ही खाल्ली. आम्हालाही सगळे पाहुणेच म्हणायचे.”

“मग मी काय करू, आजोबा?”

“त्याला जा म्हण. त्याची फळी अजून पुळणीवर आहे. परवा अमावास्येची मोठी भरती येईल आणि फळी घेऊन जाईल. मग जायचं म्हटलं तरी तो जाणार कसा?”

“घरी आलेल्याला जा म्हणू? तोंड कसं उघडेल माझं?”

“भीड भिकेची बहीण, पोरी,” बोकड म्हणाला आणि डोंगर चढू लागला.

पाणकोंबडीने दोन दिवस मनातल्या मनात वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्य तिला उद्धट वाटे. अखेर अमावास्येच्या सकाळी ती चाचरत म्हणाली, “पाहुणे, आज वारा छान सुटलाय, नाही?” काय हो हे सांगणं! पण उंदीर हुशार, लगेच ओळखलं. “खरंच की,” तो म्हणाला, “मग ताई, येतो मी.”

पाणकोंबडीच्या जिवावरचं ओझं उतरलं. इतका हलका वाटला तिला जीव, की सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “या हं.”

उंदीर पुळणीच्या दिशेने गेला. तो फळीवर चढला की नाही, हे बघायलाही ती थांबली नाही. धावत झऱ्यावर गेली आणि तीन दिवसांची तहान भागवून पोटभर पाणी प्यायली.

परत आली तेव्हा घरट्यात नुसती टरफलं होती आणि शेजारी उंदीर मिशा पुसत बसला होता. “रागावू नका ताई,” तो म्हणाला. “मी येतो म्हणालो, तुम्ही या म्हणालात. म्हणून आलो.”

पाणकोंबडीला रडू आवरेना. त्या टरफलांकडे बघत ती पहिल्यांदा म्हणाली, “जा.”

“आता कुठे जाऊ?” उंदीर म्हणाला. त्यात मात्र तो खोटं बोलत नव्हता. खाली पुळणीवर भरती चढली होती आणि फळी लाटांवर पार लांब गेली होती.

तात्पर्य : ज्याला ‘जा’ म्हणायला हवं त्याला भिडेपोटी ‘या’ म्हणू नये, नंतर म्हटलेल्या ‘जा’चा उपयोग होत नाही.