पुसलेली लाल रेघ

खाडीकाठच्या एका गावात यमुनाबाईंचा छोटासा छापखाना होता. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथे शिशाचे खिळे जुळवून छपाई चाले आणि तिरोडकर मास्तर मुद्रितं तपासत. चुकलेल्या शब्दाखाली ते लाल पेन्सिलीनं रेघ ओढत. काय चुकलं ते मात्र सांगत नसत. यमुनेला ते स्वतः शोधावं लागे. तेव्हा तिला राग येई. आता त्या दिवसांच्या आठवणीनं जीव हळवा होई.

पुढे खिळे गेले, संगणक आला. मास्तर घरी बसले आणि हळूहळू त्यांची नजरही गेली. चाळीस वर्षं वहीत टिपलेले गावचे शब्द छापून व्हावेत, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. यमुनाबाईंनी ते काम आनंदानं अंगावर घेतलं.

संगणकही चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढी. पण त्याला खाडीवरचे शब्द कुठून ठाऊक असणार? पेडवे, रापण, उलांडी, मतलई, असे मासे, जाळी, होड्या आणि वाऱ्यांचे शब्द, सगळ्यांखाली रेघा. 'शब्दकोशात घाला' हे बटण दाबलं की संगणक तो शब्द बरोबर धरी आणि रेघ जाई. पहिले दोन दिवस बाई प्रत्येक शब्द वहीशी ताडून पाहत. मग कंटाळल्या आणि न वाचताच बटण दाबू लागल्या. पानं स्वच्छ दिसू लागली. पुस्तक छापूनही झालं. फक्त बांधणी उरली.

मास्तर ऐकायला आले. बाई वाचत गेल्या. शेवटच्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं, की हे शब्द म्हणजे माझ्या आईचा आशीर्वाद. बाईंची नजर तिथेच अडली. 'आशिर्वाद' छापलं होतं. 'शी' दीर्घ हवी, ती ऱ्हस्व पडली होती. कानाला दोन्ही सारखेच. मास्तरांना दिसत नव्हतं, आणि गावात कोणी विचारलंही नसतं.

बाईंनी पान उलटं ठेवलं, पुन्हा उचललं.

"मास्तर, आशीर्वाद चुकलाय," शेवटी त्या म्हणाल्या. "संगणकानं दाखवलं होतं. मीच त्याला गप्प केलं."

"असे आणखी किती शब्द बरोबर ठरवलेस, यमू?"

"माहीत नाही."

"मग बघू या," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाई संगणकातली शब्दांची यादी अक्षर अक्षर फोडून वाचू लागल्या. मास्तर 'ठेव' किंवा 'काढ' म्हणत. एकवीस चुकीचे शब्द निघाले. काम दोन दिवसांचं, पण लागले आठ. कारण मतलई आली की मास्तर थांबत. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या त्या वाऱ्यावर कोणाकोणाच्या होड्या निघत ते सांगत. रापण आली की किनाऱ्यावर एकच मोठं जाळं ओढणारा सारा गाव उभा राही. त्यातली कितीतरी माणसं आता नव्हती. त्यांची नावं ऐकताना बाईंचेही डोळे भरून येत.

चुकलेली पानं बाईंनी पुन्हा छापली. बांधलेलं पहिलं पुस्तक हाती घेताना मास्तरांनी विचारलं, "सगळं वाचलंस?"

"अक्षर न् अक्षर," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी ते खरंच वाचलं होतं.

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्याला गप्प केल्यानं चूक दुरुस्त होत नाही, आणि जी चूक दुसऱ्या कोणालाच दिसणार नाही, ती आपणच सांगायची असते.