मानाचा कातळ

नदीकाठच्या एका जंगलात एक भेकरी आपल्या पाडसासह राहत असे. भेकर म्हणजे भुंकून सगळ्या रानाला धोक्याची खबर देणारं लहानसं हरीण. नदीपलीकडे दुसऱ्या राजाचं राज्य होतं. पाच वर्षांपूर्वी दोन्ही जंगलांनी एकमेकांशी बहिणीचं नातं जोडलं होतं. नातं कसलं, तर दर वैशाखात पलीकडचे हत्ती यायचे, मानाच्या कातळावर उभे राहायचे, गळ्यात हार घालून घ्यायचे, कोल्ह्याचं भाषण ऐकायचे आणि आल्या वाटेने परत जायचे. बालमित्रांनो, बहिणी अशा वागतात का?

यंदा पाणवठा आटला. भेकरीचं पाडस तहानेने उभंही राहीना. तरी सोहळा ठरल्याप्रमाणेच झाला. भाषण चालू असताना एक म्हातारी हत्तीण कातळावरून उतरली आणि कोरड्या ओढ्यातली वाळू हुंगून पायाने उकरू लागली. कोल्हा धावतच तिच्याकडे गेला. पाहुण्यांनी कामाला हात लावायचा नसतो, आमची अब्रू जाईल, असं म्हणत त्याने तिला गोडीगुलाबीने पुन्हा कातळावर नेलं. मोराने पिसारा फुलवला, बाकीच्यांनी माना डोलावल्या.

भेकरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर ती दुसऱ्यांसाठी ओरडली होती, आज स्वतःच्या लेकरासाठी भुंकली. भाषण थांबलं.

"कोल्होबा, तुमची अब्रू काय माझ्या पाडसाला पाजू?" ती म्हणाली. "आणि आजी, त्या वाळूत काय आहे?"

"पाणी आहे, बाई," हत्तीण म्हणाली. "दर वर्षी वास येतो. पण तुम्ही आम्हाला या दगडावरून उतरू देत नाही."

हत्ती उतरले. घटकाभरात ओढ्यात खड्डा झाला, त्यात पाणी झिरपलं आणि पहिला घोट पाडसाने घेतला. मग भेकरीने विचारलं, तुम्हाला आमच्याकडून काय हवं? हत्तीणीने आपलं दुखणं सांगितलं. तिच्या जंगलात भेकरं नव्हती. वाघ अगदी जवळ आल्यावरच कळायचा, आणि गेल्या साली तिच्या कळपातली दोन पिल्लं गेली होती. पाच वर्षं हार घालणाऱ्यांपैकी एकानेही तिला हे विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भेकरीच्या दोन सख्ख्या बहिणी हत्तींबरोबर नदी ओलांडून गेल्या. कातळावर कोल्हा एकटाच उरला होता, उरलेले हार सांभाळत.

तात्पर्य : पाहुण्याला उंच बसवल्याने नातं जुळत नाही, आपली अडचण त्याला सांगावी आणि त्याची विचारावी, तेव्हाच ते जुळतं.