सळसळीचा पहारा

गाजरांच्या त्या राज्यात कोणीही कोणाला पूर्ण पाहिलेले नव्हते. प्रत्येकाचे अंग जमिनीखाली अंधारात वाढे आणि वर दिसत ती फक्त पाने. त्यामुळे एकमेकांची सगळी पारख पानांवरून होई. पाने हिरवीगार असली की बिऱ्हाड सुखात आहे असे समजत. पानांना तांबूस झाक आली की शेजारी बोलणे कमी करत, कारण तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. खाली अळी लागली होती. आतून पोखरलेले गाजर बरेच दिवस वर उभे राही, हसे, बोले, पुढच्या हंगामाचे बेत करी, आणि मग एके दुपारी त्याची पाने मान टाकत.

ही अळी माशीची. माशी लहानशी, काळी, चकचकीत, पिवळ्या पायांची. उंच उडणे तिला जमत नसे. ती जमिनीलगत तरंगत येई, गाजराच्या मानेपाशी अंडी ठेवी आणि निघून जाई. तिच्यात राग नव्हता की वैर नव्हते. ज्याच्या घरात तिची अळी शिरे त्याला मात्र याने काही फरक पडत नसे.

या माशीपासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वजांनी सळसळीची पद्धत घालून दिली होती. बांधाकडच्या पहिल्या ओळीत एक पहारेकरीण असे. माशी दिसली की तिने आपली पाने एकमेकांवर घासायची. मग दुसऱ्या ओळीने घासायची, मग तिसऱ्या, आणि असे करत अख्ख्या वाफ्याने. घासायची म्हणजे नुसती हलवायची नव्हेत. चुरगळेपर्यंत, हिरवा रस सुटेपर्यंत घासायची. सळसळीनंतर ज्याची पाने जास्त फाटलेली दिसत त्याला मान असे, आणि ज्याची धड राहत त्याच्याकडे लोक तिरक्या नजरेने बघत. त्या आवाजाला माशी घाबरते, असे सांगत. ती घाबरल्याचे कोणी पाहिले नव्हते, पण एक गोष्ट खरी होती. सळसळ कधीही खोटी ठरली नव्हती. ज्या दिवशी सळसळ झाली त्या दिवशी माश्या थव्याने आल्याच. याहून चोख पहारा दुसऱ्या कुठल्या राज्यात असेल?

त्या हंगामात पहाऱ्यावर तांबूआक्का होती. काम तिने मागून घेतले होते, आणि तेही मानासाठी नव्हे. तिची बहीण गोदी तिच्या मागेच, दुसऱ्या ओळीत होती. दोघी बियांच्या एकाच चिमटीतून पडलेल्या, आणि गाजरांमध्ये एका चिमटीचे नाते म्हणजे सख्खे नाते. गोदी जन्माची नाजूक. साल पातळ, बोलणे हळू, आणि लोक काय म्हणतील याची धास्ती चोवीस तास. अळीला अशी पातळ साल फार आवडते, हे आक्काला माहीत होते. आपण पुढे उभे राहिलो तर गोदी वाचेल, एवढाच तिचा हिशेब होता.

बांधाच्या अलीकडे एक सरी होती आणि सरीच्या काठाने कांद्यांची वस्ती. गाजरे कांद्यांशी अंतर राखून असत. त्यांच्या अंगाला वास येतो, अशी तक्रार होती. त्यांतला बापू कांदा पातीने सगळ्यांत उंच आणि जिभेने तिखट. एका सकाळी तो म्हणाला, “आक्का, राग मानू नकोस, पण एक विचारतो.”

“विचार की. तू न विचारता राहणार आहेस थोडाच!”

“पलीकडच्या कुंपणात माश्या दिवसभर बसून असतात. पेंगतात नुसत्या. तुमची सळसळ झाली की उठतात. ध्यानात आलंय का तुझ्या?”

“घाबरून उठत असतील.”

“घाबरलेला पळून जातो गं. या तर तुमच्याकडे येतात. तुमच्या चुरडलेल्या पाल्याचा वास कुंपणापर्यंत जातो, मला इथे झोंबतो. तो त्यांना लागत नसेल?”

आक्का भडकली. आमच्या घरच्या गोष्टींत नाक खुपसू नकोस, असे तिने त्याला सुनावले आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ फिरवून राहिली. पण ते बोलणे सालीत रुतलेल्या खड्यासारखे तिला टोचत राहिले.

चार दिवसांनी एक चुकार माशी सरीतून आली. आक्काची पाने सवयीने ताठ झाली. एक पान दुसऱ्याला टेकलेसुद्धा. तिथेच तिने ते धरून ठेवले. तिला वाटले, आपण आपल्या बहिणीचा जीव पणाला लावतो आहोत, आणि तेही एका कांद्याच्या सांगण्यावरून. माशी एका ढेकळावर बसली. तिने पाय चोळले. इकडेतिकडे पाहिल्यासारखे केले, गोदीपासून दोन बोटांच्या अंतरावरून गेली, वळली, कांद्यांच्या दर्पात वाट चुकली आणि कुंपणाकडे परत गेली. झाले एवढेच.

आक्काला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती, आणि भीतीच्या मागून लाज. तिने या हंगामात दिलेली प्रत्येक सळसळ तिला आठवली आणि प्रत्येक सळसळीनंतर कोणाची पाने तांबूस झाली तेही आठवले. सगुणाबाईंची लेक. चौथ्या ओळीतली जोडगोळी. कोपऱ्यातला तो सदा गुणगुणणारा बाळंभट. त्यांना वाचवण्यासाठीच तर तिने पाने घासली होती. आता बापूकडे तोंड वर करून बघवेना.

त्यानंतर तिने सळसळ दिली नाही. माश्या अधूनमधून आल्या, रेंगाळल्या, गेल्या. वीस दिवस वाफा गप्प होता. सर्वांची पाने वाढली, फुटवे सावरले, एकाचेही पान तांबूस झाले नाही. आणि नेमके हेच लोकांना खटकू लागले.

वाफ्याच्या मध्यभागी नानासाहेब शेंदरे असत. मान जाड, आवाज जाड, आणि पाने इतकी फाटलेली की पान कुठले आणि देठ कुठला ते कळू नये. ते म्हणाले, “इतकी शांतता बरी नव्हे. काहीतरी शिजतंय.” मग पहिल्या ओळीवर नजर ठेवण्यात आली. दुसऱ्याच दिवशी आक्काच्या डोळ्यांदेखत एक माशी गेली आणि आक्का हलली नाही, हे तिघांनी पाहिले.

सभा भरली. गाजरांना कुठे जायचे नसते, तेव्हा सभा भरायला वेळ लागत नाही.

“आक्का, माशी दिसली होती?” नानासाहेबांनी विचारले.

“दिसली.”

“मग?”

“मग गेली.”

वाफ्यात कुजबुज उठली. आक्काने आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. कुंपणातल्या पेंगणाऱ्या माश्या सांगितल्या, चुरडलेल्या पाल्याचा वास सांगितला, वीस दिवसांचा हिशेब सांगितला. “माझ्यावर विश्वास ठेवू नका,” ती म्हणाली, “पण आपापली पानं बघा.” काही कोवळ्या गाजरांनी खरेच आपापली पाने पाहिली. क्षणभर असे वाटले की वाफा तिच्या बाजूने कलतो आहे.

तेवढ्यात मागच्या ओळीतून सगुणाबाई बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

“माझ्या पोरीच्या पानाला पहिली लाली दिसली ना, त्या दिवसापासून मी सगळ्यांत जास्त पानं घासली. देठाला देठ राहिला नाही माझ्या. तिच्या शेजारी उभी राहून घासली. म्हणजे मीच बोलावलं होय गं त्या माश्यांना? माझ्याच पोरीवर?”

सगळा वाफा आक्काकडे पाहू लागला. आक्काला उत्तर माहीत होते. सगुणाबाईंच्या तोंडाकडे बघून ते उच्चारणे तिच्याच्याने झाले नाही. तिने पाने खाली घातली, आणि तिची बाजू तिथेच पडली.

निकाल लागला. पहारेकरणीने माशीला वाट दिली म्हणून तिला उपटून बांधावर टाकावे, आणि रिवाजाप्रमाणे पहारा तिच्या चिमटीतल्या बहिणीकडे जावा. कांद्यांचा विचार मागाहून करू, असेही ठरले.

गांडुळे माती सैल करू लागली तेव्हा आक्का गोदीला हळूच म्हणाली, “हे बघ गोदे, पहारा तुला देतायत. नाही म्हणता येणार नाही तुला. पण पानं नुसती हलव. आवाजापुरती. रस सुटू देऊ नकोस, एवढं कर माझ्यासाठी.”

“लोक बघतील ना, आक्का,” गोदी म्हणाली.

मुंगळ्यांनी आक्काला ओढून काढले. मुळे तटातट तुटली, साल खरचटली, पाने देठासकट पिरगळली गेली. सरी ओलांडून त्यांनी तिला बांधावर उन्हात आडवी टाकली, आणि राज्याने पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण पाहिले. शेंड्यापासून मानेपर्यंत ती केशरी आणि अखंड होती. तिच्या अंगावर अळीचे एकही भोक नव्हते.

“बघा,” नानासाहेब म्हणाले, “माश्यांनी हिला हातसुद्धा लावलेला नाही!”

आणि मग माश्या आल्या. खरचटलेल्या सालीचा वास कुंपणापर्यंत पोचला होता. थवाच्या थवा उठला, वाफ्याकडे न वळता थेट बांधावर आला आणि आक्काच्या अंगावर बसला. आक्काला त्यांचे इवलेसे पाय जाणवत होते. तिला किळस आली नाही. इथून अळी कोणाच्या घरात शिरणार नाही, माझ्यातच घाला काय घालायची ती अंडी, असे तिला वाटले. गोदीच्या आसपास एकही माशी नव्हती. आक्काला बऱ्याच दिवसांनी हलके वाटले.

वाफ्यात मात्र एकच गलका उठला. “पाहिलंत? न्यायला आले हिचे नातेवाईक! एक माशी आपल्याकडे फिरकली नाही!” कोवळ्या गाजरांनी आपली धड पाने घाईघाईने दुमडून घेतली. सगुणाबाई रडत होत्या, आणि त्या रडण्यात सुटकाही होती. नानासाहेबांनी जाहीर केले की असा दिवस राज्याने पाहिलेला नाही, तेव्हा आजची सळसळ विजयाची, आणि ती सर्वांनी देठ तुटेपर्यंत करावी. सुरुवात नव्या पहारेकरणीने करायची होती.

सगळे गोदीकडे बघत होते. गोदी बांधाकडे बघत होती. आक्काला पान हलवून नको म्हणायचे होते, पण तिच्या पानांत आता तेवढे पाणी उरले नव्हते.

गोदीचे पहिले पान हलले. हळू, अगदी सांगितल्यासारखे, आवाजापुरते.

“जोरात गं!” मागून कोणीतरी ओरडले. “बहिणीसाठी जीव तुटतोय वाटतं?”

गोदीने डोळे मिटले आणि पानावर पान घासले. मग तिच्या ओळीने घासले, मग तिसऱ्या. हिरवा, ताजा वास सरी ओलांडून बांधावर आला. आक्काच्या मानेवर बसलेली माशी पाय चोळायची थांबली आणि वळून वाफ्याकडे तोंड करून बसली. तिच्या शेजारची वळली. मग बाकीच्याही, एकेक करून, वळल्या.