निवारा मेळावा

त्या मुलखात डोंगराचा माथा भक्कम होता आणि उतार ठिसूळ होता. माथ्यावर गवे, सांबरे आणि मोर राहत. उतारावर बिळे करून साळिंदरे राहत. माथ्यावरचे गवत संपले की गवे उतारावर चरायला उतरत आणि गवत मुळासकट उपटून खात. गवत गेले तशी माती सुटू लागली. साळिंदरांनी तसे गव्यांना कळवले. गव्यांनी साळिंदरांना जपून राहायला सांगितले.

माथ्याच्या कडेला, उघड्या खडकाळ जमिनीवर रेवाक्का नावाची टिटवी राहत असे. चार खडे आणि त्यांच्या मधली जागा, एवढेच तिचे घरटे. जमिनीवर राहिल्यामुळे जमिनीच्या पोटातले तिला लवकर कळे. उतार खचण्याआधी तीन दिवस ती ओरडत होती. पहिल्या दिवशी मोरांनी तिच्या आवाजाबद्दल तक्रार केली, दुसऱ्या दिवशी सांबरांनी केली, आणि तिसऱ्या दिवशी निम्मा उतार खाली आला. अकरा बिळे गाडली गेली. चार साळिंदरे सापडली नाहीत.

माथ्यावर फार हळहळ झाली. गव्यांचे प्रमुख जयाजीराव स्वतः कडेपर्यंत चालत आले, त्यांनी खाली पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना खरेच वाईट वाटले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी सभा बोलावली आणि ठराव झाला: पूर्वेच्या कातळावर साळिंदरांना पक्की घरे बांधून द्यायची, त्यासाठी लागेल तेवढे लाकूड जमवायला माथ्यावर एक मोठा मेळावा भरवायचा, आसपासच्या सगळ्या रानांना आमंत्रण धाडायचे आणि येणाऱ्याने येताना एक चांगली फांदी आणायची. मेळाव्याला ‘निवारा मेळावा’ असे नाव ठेवले. रंगनाथपंत मोराने नाचायचे कबूल केले. शकू मैना निवेदन करणार होती.

“मेळावा देखणा झाला पाहिजे,” जयाजीराव म्हणाले, “आणि कुणालाही साधं खरचटता कामा नये. पाहुणे लांबून येणार. सुरक्षेचं कोण बघेल?”

हळूहळू सगळ्यांच्या माना रेवाक्काकडे वळल्या. धोक्याबद्दल बोलणारे त्या मुलखात दुसरे कुणी नव्हतेच.

रेवाक्काला आतून काहीतरी उमलल्यासारखे झाले. आजवर तिला सगळ्यांनी गप्प बस म्हणूनच सांगितले होते. ती म्हणाली, “बघते मी. पण एक अट आहे, साहेब. सुरक्षेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा.”

“शेवटचा,” जयाजीरावांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून रेवाक्का कामाला लागली, आणि तिने ते काम जीव ओतून केले. मेळावा भरायचा त्या माळाचा प्रत्येक हात तिने आपल्या बारीक पायांनी ठोकून पाहिला. दक्षिणेकडचा निम्मा माळ कातळावर होता. तिथे पाय टणक वाजे. उत्तरेकडचा निम्मा पोकळ वाजत होता, कारण त्याच्याखाली साळिंदरांची उरलेली बिळे होती. तिने मधोमध वेलींचा दोर बांधला आणि उत्तरेकडे कुणी जायचे नाही असे ठरवले. बाहेर पडायला दोन रुंद वाटा काढल्या, त्यांतले दगड वेचले, उभ्या चढाला पायऱ्या खोदवल्या. कुठली जनावरे कुठल्या वाटेने निघतील हे तिने कळपागणिक नव्हे, खुरागणिक ठरवले. पिण्याच्या पाण्याच्या जागा नेमल्या. जखमेवर पाला लावायला दोन वानरिणी बसवल्या.

खोदायचे सगळे काम साळिंदरांनी केले. खोदण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पायऱ्या त्यांनीच केल्या, मंडपाच्या खांबांचे खड्डेही त्यांनीच घेतले. त्यांची वडीलधारी यसूमावशी रोज कामावर येई. गाडल्या गेलेल्या चौघांत तिची सून होती.

शेवटी रेवाक्काने नियम केले. आत कुणी विस्तव आणू नये. अणकुचीदार काही आणू नये. कुणी अचानक ओरडू नये. ओरडण्याने कळप उधळतो आणि संकटापेक्षा चेंगराचेंगरीतच जास्त जीव जातात. धोका दिसलाच, तर सुरक्षाप्रमुखाने अध्यक्षांच्या, म्हणजे जयाजीरावांच्या, कानात हळूच सांगावे. हा शेवटचा नियम लिहिताना ती थोडी थांबली होती. पण नियम योग्य होता, म्हणून तिने तो ठेवला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी जयाजीरावांनी नियम वाचले आणि मनापासून कौतुक केले.

“रेवाक्का, असं काम मी पाहिलं नाही. फक्त एक अडचण आहे. ही साळिंदरं.”

“त्यांची कसली अडचण? मेळावा त्यांच्यासाठीच आहे.”

“तेच म्हणतोय. पण अणकुचीदार काही आत नको, हा तुमचाच नियम. गर्दीत एखाद्या पाडसाला काटा लागला तर?”

रेवाक्काने त्यांच्या कपाळाकडे पाहिले. “आणि आपली शिंगं, साहेब?”

“शिंगं अध्यक्षांची आहेत,” जयाजीराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “ती कुठे जाणार आहेत?”

बराच खल झाला. शेवटी रंगनाथपंतांनी तोड काढली. साळिंदरांनी मेळाव्यापुरते आपापल्या बिळातच थांबावे, म्हणजे गर्दीत ती कुणाच्या पायांत यायची नाहीत. त्यांच्या वतीने एकट्या यसूमावशीने व्यासपीठावर यावे. तिचे काटे मात्र केळीच्या पानांत नीट गुंडाळून घ्यावेत. ऐकायला ही तोड वाजवी होती. उत्तरेचा माळ रिकामा राहणार होता, त्यामुळे खालच्या बिळांवर भार येणार नव्हता. रेवाक्काने हिशेब केला आणि होकार दिला.

निरोप सांगायला ती स्वतः खाली गेली. यसूमावशी बिळाच्या तोंडाशी बसली होती.

“गुंडाळा की,” ती ऐकून घेऊन म्हणाली. “तिथं बोलायचं काय म्या?”

“आभार मानायचे, मावशी.”

“कशाचे?”

“घरं होणार आहेत त्याचे,” रेवाक्का म्हणाली.

“व्हतील तवा मानते.”

“लाकूड तर उद्याच जमेल.”

“तू वरडली व्हतीस तवा,” यसूमावशी म्हणाली, “आमी बी ऐकलं न्हाई. वाटलं, रोजचीच वरडतीया. तू सांगतीस म्हनून येते.”

मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून रांगा लागल्या. सांबरे सागाच्या फांद्या घेऊन आली, रानडुकरांनी ऐनाचे बुंधे ढकलत आणले, खारींनी काटक्या आणल्या. मंडपाशेजारी लाकडाचा ढीग चढू लागला. दोन्ही वाटा सुरळीत चालल्या होत्या. पाण्याजवळ ढकलाढकली नव्हती. वानरिणींना दुपारपर्यंत एकच गिऱ्हाईक मिळाले, तेही फांदीची साल नखात गेलेले. रेवाक्का वरून घिरट्या घालत होती आणि तिला सुख वाटत होते.

दुपारी मात्र अंदाजाच्या दुप्पट पाहुणे आले. दक्षिणेचा माळ भरला. जयाजीरावांनी दोर सोडायला सांगितला.

रेवाक्का धावत आली. “साहेब, उत्तरेकडे नको. खाली बिळं आहेत, त्यांत साळिंदरं आहेत. ठरलंय आपलं. माझा शब्द शेवटचा.”

“शेवटचाच आहे,” जयाजीराव म्हणाले. “आधी पाहुण्यांना बसवू, मग शेवटी तुमचं ऐकतो. हातात फांदी घेऊन आलेल्याला परत पाठवायचं का? कुणासाठी आणलीय ती?”

दोर सुटला. गर्दी उत्तरेकडे पसरली.

मग रंगनाथपंत नाचले. ते फारच सुंदर नाचले. पिसारा उघडताच माळभर हुंकार उठला आणि शकू मैनेने सगळ्यांना पायांनी ठेका धरायला सांगितले. हजार खुरे एका तालात पडू लागली. रेवाक्का उत्तरेच्या कडेला उतरली, तेव्हा तिच्या पायांखालून तोच आवाज येत होता जो त्या तीन दिवसांत आला होता. कोरड्या मातीच्या पोटात कुणीतरी कापड फाडावे तसा.

ती नियमाप्रमाणे अध्यक्षांकडे गेली आणि त्यांच्या कानात हळूच म्हणाली, “साहेब, उतार चाललाय.”

“आभार होऊ द्या,” जयाजीराव समोर पाहत पुटपुटले. “एवढंच राहिलंय.”

व्यासपीठावर यसूमावशीला आणले होते. तिला पानांत इतके घट्ट गुंडाळले होते की पाय हलवायला जागा नव्हती. पाहुण्यांना ती गोड वाटली. “माथ्यावरच्या समद्यास्नी,” तिने सुरुवात केली आणि थांबली. जन्मभर जमीन उकरणाऱ्या तिच्या पंजांना खालचे कळले होते. ती गर्दीत कुणाला तरी शोधू लागली. तिची नजर रेवाक्कावर येऊन थांबली.

रेवाक्काने स्वतः केलेला नियम मोडला. ती आभाळात चढली आणि गळा फाटेपर्यंत ओरडली.

एक क्षण सगळा माळ गोठला. कळप उधळणार असे तिला वाटले. पण तो उधळला नाही. वाटा रुंद होत्या, दगड वेचलेले होते, आणि कुठून निघायचे हे सकाळपासून सगळ्यांच्या पायांत बसले होते. सांबरे पायऱ्यांनी उतरली, डुकरे दुसऱ्या वाटेने गेली, पाडसे मधे राहिली. तिने आखले होते अगदी तसे. पण रेवाक्का ते पाहायला थांबली नव्हती. ती उताराला चिकटून उडत होती, एकेका बिळाच्या तोंडाशी जाऊन ओरडत होती. या वेळी साळिंदरांनी काही विचारले नाही. पिल्लांना पुढे घालून ती बाहेर आली आणि कातळाकडे पळाली. शेवटचे साळिंदर कातळावर चढते न चढते तोच उत्तरेचा माळ दोरासकट, खांबांसकट खाली गेला. जिथे बिळे होती तिथे आता नुसती लाल माती होती.

जीव एकाचाही गेला नाही.

यसूमावशी व्यासपीठावर तशीच उभी होती. तिला पळता आले नव्हते. व्यासपीठ कातळावर होते म्हणून ती वाचली. रेवाक्का चोचीने तिची पाने फाडू लागली.

“आली का समदी?” मावशीने विचारले.

“सगळी आली.”

“मग दमानं फाड. तुझी चोच मोडंल.”

दुसऱ्या दिवशी सभेत मेळावा सुरक्षित आणि यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यात आले. एवढ्या गर्दीत कुणाला खरचटले नाही, ही गोष्ट आसपासच्या रानांत गाजली. अध्यक्षांच्या दूरदृष्टीचे, पंतांच्या नृत्याचे आणि शकूच्या निवेदनाचे अभिनंदन झाले. रेवाक्काने अचानक ओरडून कार्यक्रमाचा समारोप बिघडवला, याची नोंद झाली. पण तिची आजवरची सेवा लक्षात घेऊन फक्त समज देण्यात आली. रेवाक्का खाली मान घालून उभी राहिली. तिला समज मिळाल्याचे दुःख नव्हते. तिला एकच विचारायचे होते.

“लाकूड कधी वाटायचं?”

“वाटायचंच आहे,” जयाजीराव म्हणाले. “पण ही लोकांची ठेव आहे, रेवाक्का. मेळावा जपला, तशी ठेवही जपायला नको का? उघड्यावर लाकूड कुजतं. त्याच्यावर आधी छप्पर घालू.”

छपराला लाकूड लागले. ते ढिगातलेच घेतले. छपराला भिंती हव्यात असे कुणी सुचवले, त्याही झाल्या. कातळाच्या माथ्यावर, वाऱ्याची पर्वा न करता, चांगले उंच भांडार उभे राहिले. खांबांचे खड्डे साळिंदरांनी घेतले. वाटपासाठी समिती बसली. ज्याचे बीळ गेले असेल त्याने येऊन बीळ दाखवावे, असे समितीने ठरवले. साळिंदरे समितीला उतारापर्यंत घेऊन गेली आणि लाल माती दाखवली. समितीने सहानुभूतीने पाहिले आणि बीळ दिसत नसल्याचे लिहून घेतले.

रेवाक्का रोज भांडाराशी जाऊन विचारी. रोज तिला नवा दिवस सांगत. साळिंदरे भांडाराच्या अलीकडे, उघड्या कातळावर, एकमेकांना चिकटून राहू लागली.

असे दीड महिना चालले. मग एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळे झाले, सोसाट्याचा वारा सुटला आणि गारा पडू लागल्या. गवे आपल्या गुहांत गेले. भांडाराचे छप्पर एका बाजूने उचलले, आपटले, पुन्हा उचलले. शकू मैना फांदीला घट्ट धरून हाका मारू लागली, “ठेव भिजते! धावा! निवारा वाचवा!”

साळिंदरे उठली. कुणी कुणाला काही सांगितले नाही. पिल्लांना त्यांनी पोटाखाली घेतले, भांडाराभोवती गोल उभी राहिली आणि मागे सरकत भिंतींना पाठी लावल्या. काटे फळ्यांत रुतले, फळ्या जागी बसल्या. गारा त्यांच्या कपाळांवर, नाकांवर तडतडत होत्या. रेवाक्का यसूमावशीच्या शेजारी आली. तिनेही आपली पाठ भिंतीला लावली.

वारा पडेपर्यंत ती सगळी तशीच उभी होती. मग जयाजीराव आले. त्यांनी दार उघडले, आत वाकून पाहिले, आणि एका फांदीवरून पाय फिरवून पाहिला. फांदी कोरडी होती. त्यांनी समाधानाने दार ओढून घेतले आणि पुन्हा कडी लावली.